परतीचं तिकीट सगळ्यात शेवटी काढ

प्रश्न थोडक्यात असा आहे : "मी सांगलीजवळच्या एका गावचा, पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजकडून जर्मनीतल्या स्टुटगार्टला एका सेमिस्टरसाठी माझी निवड झाली आहे, येत्या ऑक्टोबर ते मार्च. मित्र म्हणतात सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची दहापैकी सरासरी) पडेल, प्लेसमेंट हुकेल. वडील म्हणतात सहा महिने नुसता फिरून येशील. तिथे प्रत्यक्षात काय होतं? जाऊ का? आणि जाताना काय काय नेऊ?"

जा. एवढ्यावर भागत असतं तर मी लिहायला बसले नसते. मी स्वतः २००३च्या हिवाळी सेमिस्टरला स्टुटगार्टलाच होते, आणि गेली बारा वर्षं पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात एक्स्चेंजचं, म्हणजे मुलांना सेमिस्टरभर परदेशी विद्यापीठांत पाठवण्याचं काम माझ्याकडे आहे. दरवर्षी दहा-बारा मुलं जातात. कोणाचे सहा महिने सत्कारणी लागणार आणि कोणाचे पाण्यात जाणार, याचा अंदाज मला आता एका गोष्टीवरून येतो : त्यानं परतीचं तिकीट कोणत्या तारखेचं काढलंय.

जर्मनीत हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. तास मात्र ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीच्या मध्याच्या आसपास संपतात. त्यापुढच्या सहा आठवड्यांना तिथल्या वेळापत्रकात जे नाव असतं त्याचा शब्दशः अर्थ 'तासिकामुक्त काळ'. आपली मुलं हे वाचतात आणि सुट्टी समजतात. आणि नेमक्या त्याच काळात परीक्षा असतात! एक पेपर २० फेब्रुवारीला, दुसरा ९ मार्चला, तिसरा २५ मार्चला, असे लांब लांब पसरलेले. आपल्याकडच्या एन्ड-सेमसारखं दहा दिवसांत सगळं उरकून मोकळं, असं तिथे होत नाही.

माझ्या पहिल्याच वर्षी एका मुलानं १६ फेब्रुवारीचं तिकीट काढलं होतं. स्वस्तात मिळालं म्हणून जुलैतच काढलेलं, तारीख न बदलता येणारं. आमच्या कक्षातून कोणी ते तपासलं नाही, म्हणजे मीच तपासलं नाही. पाच विषय घेतले, सगळ्या तासांना बसला, वह्या भरल्या, आणि पाचातले तीन पेपर मार्चमध्ये. इकडे त्याचं आठवं सेमिस्टर जानेवारीत सुरू झालेलं, त्यामुळे घरच्यांचा तगादा, 'लवकर ये'. आला. दोन विषयांचे क्रेडिट घेऊन आला आणि उरलेले तीन विषय ज्युनिअर्सबरोबर बॅकलॉगसारखे बसून दिले. अजूनही तो मला दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतो, आणि दर वेळी मला ते तिकीट आठवतं.

तेव्हा पहिलं काम हे : एक कोरा कागद घे, वर आपल्या कॉलेजचं कॅलेंडर मांड, खाली तिथलं. तुझं सातवं सेमिस्टर जुलै ते नोव्हेंबर, आठवं जानेवारी ते मे. तिथलं ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे तू इथलं सातवं अर्धवट सोडून जाणार आणि आठव्यात अडीच महिने उशिरा येणार. या दोन भगदाडांचं काय करायचं, ते जाण्याआधी लेखी ठरवून घे. 'जा रे तू, आल्यावर बघू' असं विभागप्रमुख, म्हणजे एचओडी सर, प्रेमानं म्हणतील. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण तू परत येशील तेव्हा एचओडी बदललेले असू शकतात, आणि परीक्षा विभागाला प्रेम वाचता येत नाही, सहीचा कागद वाचता येतो.

त्या कागदाचं नाव लर्निंग ॲग्रीमेंट. त्यावर तुझी, आपल्या कॉलेजची आणि तिथल्या विद्यापीठाची अशा तीन सह्या असतात. डाव्या बाजूला तिथे घेणार ते विषय, उजव्या बाजूला त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय माफ होणार ते. युरोपात वर्षाला ६० आणि सेमिस्टरला ३० क्रेडिट धरतात, आणि जर्मनीत एका क्रेडिटमागे तीस तासांचा अभ्यास अपेक्षित असतो, वर्गातली लेक्चर्स, ट्यूटोरियल, घरचा अभ्यास सगळं मिळून. आपल्याकडे सेमिस्टरला २०-२२ क्रेडिट. म्हणजे ढोबळ मानानं त्यांचे दीड म्हणजे आपला एक. पण पूर्ण तीसचा हट्ट धरू नको. नवीन देशात, नवीन भाषेत १८ ते २४ नीट झाले तर मी त्याला उत्तम म्हणते. उरलेल्यांसाठी इथला एखादा ऑनलाइन विषय किंवा सेमिनार आधीच जोडून ठेव.

इथे एक खोच आहे, ती मुलांना तिथे पोहोचल्यावर कळते. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बॅचलरचे बहुतेक विषय जर्मनमधून असतात. इंग्रजीतले विषय शोधायला गेलास की ते मास्टर्सचे निघतात. म्हणजे पुण्यातला बी.टेक.चा मुलगा तिथे मास्टर्सच्या वर्गात जाऊन बसतो. जमतं, पण विषय निवडताना त्याआधी काय यायला हवं ते वाच. नुसतं शीर्षक बघून घेतलेला विषय नोव्हेंबरात सोडावा लागतो, आणि मग ॲग्रीमेंट बदलायला पुन्हा तीन सह्या. बदल करायला हरकत नसते, बहुतेक सगळेच एक-दोन विषय बदलतात. फक्त बदलल्याच्या दिवशीच मेल कर. मार्चमध्ये आठवण झाली तर उपयोग नाही.

आता सीजीपीए. जर्मन गुणपद्धत उलटी आहे. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. आमच्याकडे एका मुलीची मार्कशीट आली, त्यावर हीट ट्रान्सफरला २.३. तिथे हा चांगला ग्रेड आहे. आमच्या परीक्षा विभागातल्या क्लार्कनं तो दहापैकी २.३ समजून नापासाचा शेरा मारला, आणि ते दुरुस्त व्हायला चार महिने लागले. परदेशी गुणांचे जर्मन गुण करायच्या ज्या सूत्राला बव्हेरियन सूत्र म्हणतात ते उलटं चालवलं, दहा हा कमाल आणि चार हा किमान पास धरला, तर २.३चे होतात ७.४. कागदावर हे गणित दोन ओळींचं आहे, पण ते कोण करणार आणि कोणत्या सूत्रानं, हे आधी ठरलेलं हवं. माझा सल्ला विचारशील तर कॉलेजला सांग की बाहेरचे विषय नुसते 'पास' म्हणून नोंदवा, सीजीपीएत धरू नका. बऱ्याच ठिकाणी हे मान्य होतं. मग सीजीपीए वर जाण्याची आशा नाही आणि पडण्याची भीतीही नाही. मुलं अशा वेळी कठीण विषय घ्यायला धजावतात, आणि मला त्यांच्याकडून तेच हवं असतं.

प्लेसमेंटबद्दल तुझे मित्र अर्धे बरोबर आहेत. मोठ्या कंपन्या जुलै-ऑगस्टपासून येतात. तू सप्टेंबरअखेरपर्यंत इथेच आहेस, तेवढी संधी घे. त्यानंतरच्या टेस्ट ऑनलाइन असतात, पण वेळ आपल्याकडची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि अंतर साडेतीन तासांचं साडेचार होतं. पुण्यातली सकाळी दहाची टेस्ट म्हणजे तुझ्याकडे पहाटेचे साडेपाच. एका मुलानं हॉस्टेलच्या कपडे धुण्याच्या खोलीत बसून टेस्ट दिली होती, कारण खोलीतला जोडीदार झोपलेला. निवडही झाली त्याची. पण ज्याला कॅम्पस प्लेसमेंटच हवी आहे, आणि दुसरं काही नकोच, त्यानं अंतिम वर्षाच्या हिवाळ्यात जाऊ नये असं मी स्पष्ट सांगते. त्याला आठव्या सेमिस्टरला प्रोजेक्टसाठी जाणं जास्त सोयीचं : एप्रिलचं उन्हाळी सेमिस्टर, वर्गाच्या वेळापत्रकाची कटकट नाही. तुझी निवड हिवाळ्यासाठी झालीय, तर एक करता येईल. आठव्याचा प्रोजेक्ट तिथल्याच प्राध्यापकाकडे जानेवारीत सुरू कर, इथला गाइड सहमार्गदर्शक म्हणून जोडून घे. मग मार्चपर्यंतची तुझी गैरहजेरी ही गैरहजेरी राहत नाही.

हे सगळं झालं आपल्या बाजूचं. तिथे उतरल्यावरचे पहिले पंधरा दिवस कागदपत्रांत जातात. राहण्याचा पत्ता दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाची किंवा हॉस्टेलची लेखी पुष्टी लागते. त्या नोंदणीवर बँक, विमा, पुढचं सगळं अवलंबून. यात एक गोष्ट इतकी क्षुल्लक की कोणीच सांगत नाही : लेटरबॉक्सवर तुझं आडनाव असायला हवं. तिथे खोली क्रमांकावर पत्रं येत नाहीत, आडनावावर येतात. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. आमची एक मुलगी तीन आठवडे बँकेच्या कार्डाची वाट पाहत बसली. बँक म्हणे पाठवलं, हिला मिळेना. कार्ड दोनदा येऊन परत गेलं होतं. शेवटी वहीच्या कागदावर पेननं आडनाव लिहून डब्याला चिकटवलं आणि तिसऱ्या वेळी आलं.

दुसरी अशीच गोष्ट म्हणजे परीक्षेची नोंदणी. विषयाला प्रवेश घेणं वेगळं आणि परीक्षेला नाव देणं वेगळं. परीक्षेच्या नोंदणीची खिडकी सेमिस्टरच्या मध्यात काही आठवडेच उघडी असते. आपल्याकडे फॉर्म भरायचा राहिला तर वर्गप्रतिनिधी ग्रुपवर ओरडतो, ऑफिसातले काका बोलावून घेतात, लेट फी भरून का होईना काम होतं. तिथे कोणी ओरडत नाही. तारीख गेली की गेली. हा कोरडेपणा सुरुवातीला मुलांना फार लागतो. 'कोणाला काही पडलेलंच नाही' असे मला मेल येतात. पण प्राध्यापकांची भेटीची ठरलेली वेळ असते, त्या वेळी जाऊन विचारलं तर तेच लोक अर्धा तास देतात. विचारायला मात्र तू गेलं पाहिजेस.

आता वर्गात काय होतं ते. वेळापत्रकात ९.०० लिहिलेलं असतं आणि पुढे कधी कधी दोन बारीक अक्षरं असतात, सी.टी. त्याचा अर्थ तास सव्वानऊला सुरू होणार. ही तिथली जुनी शैक्षणिक सवलत. पण सव्वानऊ म्हणजे सव्वानऊच. तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, मुलं सरांचा निषेध करताहेत. हजेरी बहुतेक विषयांना नाही. टर्मवर्क नाही, सेमिस्टरच्या मधली परीक्षा नाही, फाइल पूर्ण करून सह्या घेणं नाही. सगळं वजन शेवटच्या एका परीक्षेवर. नोव्हेंबरात हे स्वर्गासारखं वाटतं, जानेवारीत घाम फुटतो. दर आठवड्याला उदाहरणांचा एक कागद मिळतो, तो त्या त्या आठवड्यात सोडव. साठवलास तर संपलास.

आणि काही विषयांची परीक्षा तोंडी असते. एक्स्चेंजच्या मुलांना तर ती बरेचदा मिळते. आपल्याकडची 'ओरल' डोक्यातून काढून टाक, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर चौघं एका रांगेत आणि व्याख्या कोणाला येते ते बघायचं, तो प्रकार.

माझी स्वतःची सांगते. विषय हीट ट्रान्सफर, म्हणजे उष्णतेचं संक्रमण. खोलीत प्राध्यापक, कोपऱ्यात नोंद घेणारा एक सहायक, टेबलावर कोरे कागद. मी न्यूटनच्या शीतकरणाच्या नियमाची व्याख्या घोकून गेलेली. प्राध्यापकांनी आपला कॉफीचा मग माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "ही प्यायच्या लायकीची कधी होईल?" मी व्याख्या सुरू केली. त्यांनी हात वर केला आणि पेन्सिल पुढे केली. काढून दाखव. मी मग काढला, बाजूंनी हवेत जाणारी उष्णता दाखवली, तळातून टेबलात जाणारी दाखवली, प्रारण दाखवलं, समीकरण मांडलं. ते बघत राहिले. मग त्यांनी मगावर बशी झाकली. "आता?" मी म्हटलं, हळू गार होईल. "किती हळू? तुमच्या चित्रात तर फारसा फरक पडत नाही." मी चित्राकडे बघत बसले. मिनिटभर कोणीच बोललं नाही. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर आला आमच्या घरचा चहा, कपावरची वाफ, आणि बशीत ओतून पिणारे आजोबा. बाष्पीभवन! कॉफीच्या उघड्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या उष्णतेतला मोठा वाटा तोच, आणि तोच मी काढला नव्हता. मी म्हटलं, "हे मी विसरले. त्याचं समीकरण मला पाठ नाही, पण असं काढता येईल." पुढची दहा मिनिटं आम्ही दोघांनी मिळून ते काढलं. मला बाहेर थांबायला सांगितलं, पाच मिनिटांनी आत बोलावलं : २.०. पाठांतरावर गेले असते तर ४.० मिळाला असता की नाही, शंका आहे.

'मला माहीत नाही, पण असं काढता येईल' हे वाक्य आपल्याकडे परीक्षेत उच्चारायची सोय नाही. तिथे ते बोलायचा सराव कर. तसंच पेपर तपासून झाल्यावर तो बघायला एक दिवस ठेवलेला असतो. जा. गुण वाढवून मागायला म्हणून नाही, कुठे चुकलं ते बघायला. गटात काम करताना कोणी थंडपणे "हे चूक आहे" म्हणालं तर तो तुझा अपमान नसतो, त्याला खरंच ते चूक वाटत असतं. आणि दुपारी तोच मुलगा मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, तुझ्याशेजारी येऊन बसतो.

घरात राहण्याबद्दल. स्टुटगार्ट हा श्वाबी लोकांचा मुलूख, आणि काटकसर, टापटीप, तोंडावर खरं बोलणं यांत ते पुणेकरांना हार जाणार नाहीत. तिथे केरवोखे नावाची चाल आहे. नाव ऐकून हसू येईल, कारण त्यातला 'केर' आपल्या केराच्या इतका जवळचा. अर्थ झाडायचा आठवडा. इमारतीतल्या बिऱ्हाडांवर पाळीपाळीनं जिना झाडण्या-पुसण्याची, दारासमोरचा रस्ता साफ करण्याची, बर्फ पडलं तर ते ओढण्याची जबाबदारी. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी लटकते. मी खासगी घरात राहत होते. माझ्या पहिल्या पाळीला मी जिना झाडला, पुसला, खूश झाले. खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, कठड्याच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या पाळीला मी कठडा खालूनही पुसला, तर दारात सफरचंदाच्या केकचा तुकडा झाकून ठेवलेला.

हॉस्टेलात एवढं नसतं, पण सामाईक स्वयंपाकघराचं पाळीपत्रक असतं आणि ते गांभीर्यानं घेतात. फोडणी देताना खिडकी उघड आणि स्वयंपाकघराचं दार लाव, म्हणजे धुराचा अलार्म वाजणार नाही. रात्री दहानंतर आवाज नको, रविवारी तर दिवसभरच नको. दुकानं शनिवारी रात्री बंद होतात ती सोमवारी उघडतात, त्यामुळे दूध-ब्रेड शनिवारी आण. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतलेली असते, रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशिनमध्ये टाकून चिठ्ठी घ्यायची. भंगारवाल्याला रद्दी घालणाऱ्या घरातल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही.

शिकवावं लागतं ते हे : थंडीत खिडकी बंद करून, हीटर लावून, खोलीतच कपडे वाळत घालायचे नाहीत. आपली मुलं हमखास तेच करतात. बाहेर शून्य अंश, खिडकी कोण उघडणार? मग भिंतीला, विशेषतः कोपऱ्यात आणि कपाटामागे, काळी बुरशी धरते. सोडताना अनामतीतून रंगकामाचे पैसे कापले जातात, आणि ती अनामत काही थोडीथोडकी नसते. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, आणि पुन्हा लावायची. जर्मन लोक हे घरच्या संध्याकाळच्या दिव्यासारखं नेमानं करतात.

जेवणाचं विचारलं नाहीस, पण आई विचारेल. मेन्सात रोज शाकाहारी ताट मिळतं, विद्यार्थ्यांना स्वस्तात. श्पेट्झले नावाचे छोटे शेवगाठ्यांसारखे गोळे चीज घालून देतात, ते माझ्या जिभेला पटकन रुचले. माउलटाशन मात्र विचारून घे. सारण भरून शिजवलेल्या त्या चौकोनी घड्या, बाहेरून काही कळत नाही. उपवासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून मठातल्या साधूंनी मांस पिठात दडवलं, अशी त्यांची दंतकथा आहे. चातुर्मासात अंडं 'केकमधलं चालतं' म्हणणाऱ्यांना ती फार आवडते.

पैशांचं वडिलांना सरळ सांग. व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात, हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. सहा महिन्यांचे ५,९५२. युरो शंभर रुपये धरला तर सहा लाखांच्या आत-बाहेर. शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र चालतं, नसेल तर ही रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवायची आणि तिथे गेल्यावर दर महिन्याला तुला हप्ता मिळतो. हे पैसे फी नाहीत, तुझ्याच राहण्या-जेवणाचे आहेत. त्यातून खोली, आरोग्य विमा, जेवण, सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क. फी तू इथे भरतोस तीच. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गनं २०१७च्या हिवाळ्यापासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो फी लावली आहे, पण दोन विद्यापीठांतल्या कराराखाली येणाऱ्याला ती माफ असते. म्हणून तुझं नाव कॉलेजकडून करारातलं म्हणूनच गेलंय ना, याची खात्री कर. नोकरी करून खर्च काढीन हा हिशेब सहा महिन्यांच्या मुक्कामात मांडू नको. आणि व्हिसा हा राष्ट्रीय, दीर्घ मुदतीचा, टूरिस्ट नव्हे. त्याच्या अपॉइंटमेंटला वेळ लागतो, प्रवेशपत्र हातात पडलं त्याच दिवशी पुढच्या हालचाली सुरू कर.

फिरायचंही. वडिलांना सांग की फिरणार आहे, खोटं कशाला बोलायचं? पण पहिले सहा आठवडे शहर सोडू नको. ओळखी त्याच काळात होतात. ज्यांनी ऑक्टोबरातले सगळे शनिवार-रविवार पॅरिस-प्राग केले ते नोव्हेंबरात एकटे पडले, हे मी इतक्यांदा पाहिलंय. नोव्हेंबर-डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो, सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. तास संपवून बाहेर यावं तर रात्र. आपल्या मुलांना हे अंगावर येतं, झोप वाढते, घरचे फोन लांबतात. औषध एकच मला माहीत आहे, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी जाणं. विद्यापीठाचे खेळांचे वर्ग असतात, अगदी स्वस्त, पण नोंदणी उघडली की लोकप्रिय वर्ग बघता बघता भरतात. कोल्हापूरचा एक मुलगा व्हॉलीबॉलला नाव घालायला गेला, जागा संपलेल्या, म्हणून कुस्तीला घातलं. गावच्या तालमीत चार वर्षं घाम गाळलेला. मार्चमध्ये त्याला स्टेशनवर सोडायला अकरा जर्मन पोरं आली होती.

आपल्या माणसांचाही धोका आहे, हे जपून लिहिते. स्टुटगार्टमध्ये वाहन कंपन्यांमुळे मराठी माणूस भरपूर. दिवाळीला फराळ मिळेल, गरज पडली तर कोणी रात्री धावूनही येईल. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, तेव्हा पाहुणचार जुना. पण एकाच कॉलेजची चौघं एकत्र राहिली, एकत्र जेवली, एकत्र फिरली, की सहा महिन्यांनी त्यांना 'डांके' (धन्यवाद) आणि 'च्यूस' (येतो) एवढंच येतं. तसं होऊ देऊ नको. जर्मन आत्तापासून शिक, हातात सहा महिने आहेत. पुण्यात शिकायच्या सोयी मुबलक आहेत. आणि एक फायदा आपल्याला जन्मजात आहे : त्यांच्याकडेही तो, ती, ते अशी तीन लिंगं आणि तू-तुम्ही असा भेद. इंग्रजी माणूस जिथे अडखळतो तिथे तुला काही समजावून सांगावं लागणार नाही. बरोबरीच्यांना पहिल्या मिनिटापासून तू, प्राध्यापकांना कायम तुम्ही.

येताना : पत्त्याची नोंद रद्द करून ये, बँक खातं शेवटी बंद कर कारण अनामत त्यात यायची असते. गुणपत्रक तुझ्याबरोबर येणार नाही, मागाहून काही आठवड्यांनी येतं, म्हणून ते थेट आपल्या कॉलेजला मेल करण्याची विनंती तिथल्या ऑफिसात लेखी देऊन ये. तिकीट शेवटच्या पेपरनंतर किमान आठवडाभरानं, आणि तारीख बदलता येणारं.

राहता राहिलं काय न्यावं ते. तूप, पेढे, खवा, लोणी काही नाही. दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात आणि आईला कळलं की तिचा जीव हळहळतो. बाकरवडी, चटण्या, गोडा मसाला, मेतकूट चालेल. लहान कुकर ने, पण सपाट बुडाचा, तिथे गॅस नसतो. जाकीट इथून नको, तिथेच घे. मूळ प्रमाणपत्रं हँडबॅगेत. पासपोर्ट फोटो आठ-दहा. आणि एक जाड काळा मार्कर, लेटरबॉक्ससाठी.